हेडफोन लावले तरी खालच्या घरात धपधप पोचतेच

फ्लॅटमध्ये ड्रम शिकू पाहणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: मेशचा, म्हणजे ताणलेल्या जाळीच्या पॅडचा, इलेक्ट्रॉनिक किट घ्या, खाली योगा मॅट टाका, हेडफोन लावा, मग रात्री बारालाही कुणाला कळणार नाही. हेडफोन ब्लूटूथचे असले तर वायरचीही कटकट नाही. दोन किटमध्ये अडलात तर ज्यात जास्त प्रकारचे आवाज भरलेले आहेत तो उचला. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य महागात पडतं.

‘कुणाला कळणार नाही.’ बाजूच्या फ्लॅटपुरतं हे बरंचसं खरं आहे, कारण हवेतून जाणारा आवाज साध्या ड्रमच्या मानाने फारच कमी होतो. खालच्या मजल्याची गोष्ट वेगळी. किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमच्या पॅडवर पेडलची हातोडी, म्हणजे बीटर, आदळतो, तो धक्का स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो. खालच्यांचं छतच थरथरतं. हाय-हॅटच्या (पायाने उघडमिट होणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) पेडलवर आपटणारी टाचही तेच करते. कानाला हेडफोन असल्यामुळे वाजवणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून तक्रार आली की ती खोटी वाटते. दुसऱ्याला वाजवायला बसवा आणि स्वतः खाली जाऊन ऐका.

‘योगा मॅट पुरते.’ नाही पुरत. पातळ मॅट वजनाखाली दबून घट्ट होते आणि किकचा जड धक्का तिच्यातून सरळ पार होतो. पेडल सरकू न देणं एवढंच तिचं काम. धक्का तोडायचा तर किट स्प्रिंगसारख्या आधारावर तरंगता ठेवावा लागतो, आणि त्यासाठी टेनिसच्या चेंडूंवरचा मंच हा स्वस्त उपाय आहे. १८ मिमी प्लायवूडचा ८ बाय ४ फुटी एक ताव मधोमध कापला की ४ बाय ४ च्या दोन फळ्या मिळतात. त्या एकावर एक क्लॅम्प करून २ इंची होल-सॉने साधारण २० भोकं आरपार पाडा, म्हणजे दोन्हींची भोकं तंतोतंत जुळतील. मग दोन फळ्यांच्या मध्ये, प्रत्येक भोकाच्या जागी एकेक चेंडू ठेवा. चेंडू प्रत्येक फळीच्या भोकात सुमारे ११ मिमी बसतो, त्यामुळे तो खाली फरशीला टेकत नाही आणि वरही डोकावत नाही. स्टूल आणि किक येतील तिथे भोकं जवळजवळ घ्या. वरून सतरंजी घाला.

हा मंच फसतो तो बहुतेक वेळा दोन चुकांनी. एक, स्टूल मंचाबाहेर फरशीवर ठेवलं जातं. दोन, फळीची कड भिंतीला किंवा कपाटाला टेकते आणि धक्क्याला नवी वाट मिळते. म्हणून आधी जमिनीवर खडूने चौकोन आखून किट, पेडलं आणि स्टूल त्यात मावतात का बघा. ४ बाय ४ अपुरा पडला तर दोन ताव घेऊन ६ बाय ४ करा आणि चेंडूही त्या प्रमाणात वाढवा. बसके झालेले चेंडू वेळोवेळी बदलावे लागतात.

बीटर नसलेलं पेडल हा दुसरा मार्ग. यामाहाच्या डीटीएक्स४०२के मध्ये तसं पेडल येतं, तर ४३२के मध्ये किकचा पॅड आणि खरं बीटरचं पेडल. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने पहिला घ्यावा. मात्र बीटरचं वजन आणि उसळी पायाला त्यात मिळत नाही, त्यामुळे पुढे खऱ्या किटवर पाय नव्याने बसवावा लागतो. तळमजल्यावर असाल तर दुसराच बरा.

‘मेश म्हणजे शांत.’ मेश असते हातांनी वाजवायच्या ड्रमवर, म्हणजे स्नेअर आणि टॉमवर. झांजांचे पॅड रबराचेच असतात आणि रात्री शेजारच्या खोलीत ऐकू येते ती त्यांची टकटक. मेश सैल असेल तर काठी फाजील उसळते, म्हणून समोरासमोरचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. ताण बदलला की मॉड्यूलमधली (किटचे आवाज काढणाऱ्या डब्यातली) सेन्सिटिव्हिटीही पुन्हा तपासा. एका फटक्याला दोन आवाज येऊ लागले तर थ्रेशोल्ड, म्हणजे किती हलक्या फटक्यापासून पॅडने वाजायचं ती मर्यादा, थोडी वाढवा.

‘ब्लूटूथ हेडफोन चालतात.’ साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग असतो १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे आत्ताचा फटका पुढच्या फटक्याच्या जागी ऐकू येणार, आणि त्यावर हात बसवला तर लयच बिघडेल. वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोनच घ्या. किटवर ब्लूटूथ लिहिलेलं असतं ते बहुधा फोनवरचं गाणं किटमध्ये घेण्यासाठी.

‘जास्त आवाज तो चांगला.’ अलेसिस नायट्रो मेशमध्ये ३८५ आवाज आहेत, त्याहून कितीतरी महाग असलेल्या रोलंड टीडी-०७ मध्ये १४३. पैसे आकड्याचे नसतात, हलका हात किती नेमका टिपला जातो त्याचे असतात. दुकानात स्नेअरवर मधून कडेपर्यंत अगदी हळू टिचक्या मारत जा. एखादी गायब झाली किंवा मधोमधच एकदम मोठी वाजली तर तो पॅड नको. मग हाय-हॅट वाजवता वाजवता पाय हळूहळू उचला, अर्धवट उघडा आवाज मिळायला हवा. शेवटी क्रॅश झांजेचा पॅड वाजवून हाताने धरा, आवाज तिथेच थांबला पाहिजे.