आधी भाकरी, मग गेम?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. तालुक्याच्या अंधशाळेसाठी पैसे जमलेत. त्यातून काही वापरलेले लॅपटॉप, हेडफोन आणि ऑडिओ गेम, म्हणजे नुसत्या आवाजावर खेळायचे गेम, द्यावेत असं मी सुचवलं. लगेच एका निवृत्त काकांचा मेसेज: ‘अंधांना आधी भाकरी, मग करमणूक.’ खाली अंगठ्यांची रांग. दुसरे म्हणाले, पेटी-तबला द्या, त्यांना उपजतच सूर असतो. तिसऱ्यांनी 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा काढला. तो पैसे लावून खेळायच्या गेमांवर बंदी घालतो, हे सांगूनसांगून मी थकले.

मी कॅनडात, मिसिसागात राहते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी पांढरी काठी घेऊन गो ट्रेननं येते आणि सोमवारी कॉफी घेताना कुठल्या गेममध्ये कुठे अडकली ते सांगते. तिच्या भाकरीची चौकशी कुणी करत नाही. तिनंच मला ‘द व्हेल: शॅडो ऑफ द क्राउन’ खेळायला दिला (व्हेल म्हणजे दरी, मासा नव्हे). 2021 मध्ये आलेला, इथल्याच ऑन्टारियोतल्या छोट्या कंपनीचा गेम. करताना त्यांनी सीएनआयबी या अंधांसाठी काम करणाऱ्या इथल्या संस्थेचा सल्ला घेतला होता. नायिका जन्मांध राजकन्या. पडद्यावर नुसते ठिपके तरंगतात, बाकी सगळं कानांत. डावीकडून शत्रूचा श्वास आला की ढाल डावीकडे वळवायची, क्षणभर थांबून वार करायचा. पहिल्याच मारामारीत मी आडवी झाले. ती पोरगी मात्र टिश्यूनं डोळे पुसेपर्यंत हसली.

हे सगळं मी ग्रुपवर साग्रसंगीत लिहिलं. जपानमध्ये गेम बनवणाऱ्या केन्जी एनोचंही लिहिलं. त्यानं 1997 मध्ये सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेम खेळायच्या कन्सोलसाठी चित्रच नसलेला गेम केला आणि कंपनीकडून हजार कन्सोल अंध खेळाडूंना द्यायला लावले. काकांचं उत्तर: ‘तिकडचं तिकडे.’

म्हणजे बघा. हेच काका अंधांचा क्रिकेट संघ विश्वचषक जिंकला की तिरंग्याची चित्रं टाकतात. ते क्रिकेट कशावर चालतं? प्लॅस्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, बोलर ‘रेडी?’ विचारतो, बॅट्समन ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ असं ओरडून सरपटी चेंडू टाकतो. सगळा कानांचाच कारभार. देशासाठी खेळलं की अभिमान, आणि रात्री जेवण झाल्यावर एखाद्या पोरानं गंमत म्हणून खेळलं की व्यसन! काकांचा स्वतःचा नातू दिवसभर मोबाइलवर गोळ्या झाडतो, त्याला कुणी भाकरीचं विचारलेलं मला तरी आठवत नाही.

फेब्रुवारीत इथे फुटपाथच्या कडेला बर्फाचे ढीग साचतात, काठीला कड लागत नाही आणि ती मुलगी आठवडाआठवडा घरून काम करते. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही. वाद जिंकायचा असला की माझा कॅनडा बारमाही जूनमधला असतो.

शेवटी सांगलीच्या मावसभावाला फोन लावला. तो अंध आहे, बँकेत नोकरी करतो. त्याचा टॉकबॅक, म्हणजे फोनचा पडदा वाचून दाखवणारा आवाज, इतक्या वेगानं बोलतो की मला एक शब्द लागत नाही. वाटलं, हा माझी बाजू घेईल. घेतली, पण अर्धीच.

“काकांना सांग, माझी भाकरी मी कमावतो आणि रात्री कॉम्प्युटरवर प्लेरूममध्ये, म्हणजे अंधांना खेळता येणाऱ्या ऑनलाइन गेममध्ये, जगभरच्या लोकांबरोबर पत्तेही कुटतो,” तो म्हणाला. “पण ताई, तो तुझा राजकन्येचा गेम नको. इंग्रजी येतं मला, पण तलवार यायच्या आत वाक्य कळायला हवं ना! चौथीतल्या पोरांना काय कळणार? त्यांना आधी साधं काहीतरी दे, आणि शिकवायला एखादं मोठं अंध पोरगं बसव. कुठला गेम ते त्यांना ठरवू दे. तुम्ही तिकडून सगळं ठरवूनच पाठवता.”

‘तुम्ही’. मला जन्मभर ‘तू’ म्हणणारा माणूस. म्हटलं तर त्या तुम्हीत सगळे एनआरआय आले, म्हटलं तर फक्त मी. आता वीस वर्षांनी गावच्या शाळेत काय हवं हे मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीवरून ठरवते, त्याला काय उत्तर देणार? काका निदान त्या शाळेच्या रस्त्यावरून रोज जातात. आत कधी गेलेत का, हे मात्र मी विचारणार आहे.

नवा प्रस्ताव ग्रुपवर टाकलाय. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे आणि मराठी वाचतं. गेम मुलं निवडतील. शिकवणाऱ्याला मानधन. पेटी-तबला हवा असेल तर तोही घ्या, पण मुलांनी मागितला तर. आणि हेडफोन वायरवालेच, कारण ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि तेवढ्यात मान उडते, असं भावाचं म्हणणं. काकांनी मेसेज वाचलाय, दोन निळ्या खुणा दिसतायत.