पावकी, निमकी आणि लेस्टरचा मंगळवार

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा एका सलोखा मेळाव्याचं आमंत्रण फिरलं. समोसे, बॉलीवूड नाच, तीन भाषणं. मी जाणार नाहीये. कुणी विचारण्याआधी कारण इथेच लिहून टाकते, थोडं लांबेल.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका कॉलेजात संध्याकाळी मोठ्या माणसांना गणित शिकवते. इथलं 'फर्दर एज्युकेशन कॉलेज' मिरजेच्या नातेवाइकांना समजावताना दरवेळी माझी दमछाक होते. आपलं आयटीआय, अकरावी-बारावी आणि रात्रशाळा एकाच इमारतीत कोंबा, वर केस कापणं, प्लंबिंग, बालवाडीचा कोर्स. दिवसा सोळा-सतरा वर्षांची पोरं, संध्याकाळी त्यांच्या आईबापांच्या वयाची माणसं. थेट युनिव्हर्सिटीची वाट धरणारे बरेच जण इकडे ढुंकून बघत नाहीत.

2001 च्या उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडमधल्या ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये वांशिक दंगली झाल्या. मग टेड कँटल यांच्या समितीचा अहवाल आला. माणसं एकाच गावात राहून 'समांतर आयुष्यं' जगतात, असं त्यात म्हटलं होतं. शाळा वेगळी, काम वेगळं, देऊळ-मशीद-चर्च तर वेगळंच. तेव्हापासून 'कम्युनिटी कोहिजन', म्हणजे समाजासमाजांतला सलोखा, हे शब्द सरकारी कागदांना चिकटले आणि कॉलेजांच्याही गळ्यात पडले. मी पाहिलंय त्यात याचा अर्थ बहुतेक वेळा भिंतीवर पोस्टर आणि वर्षातून एक विविधता दिन. त्या दिवशीसुद्धा कॅन्टीनमध्ये टेबलं वाटलेलीच. सोमाली मुलं खिडकीपाशी, पोलिश दाराजवळ, गुजराती मध्ये.

बरेच जण म्हणतात, इंग्रजीचे वर्ग वाढवा, सलोखा आपोआप येईल. ते वर्ग हवेतच. 2007 पर्यंत ते बहुतेकांना फुकट होते, नंतर अनेकांना फी लागली, तो मला मूर्खपणा वाटतो. पण त्या वर्गात बसलेले सगळेच बाहेरचे असतात हो! गावची जुनी माणसं तिथे कशाला येतील?

ती गणिताला येतात. कारण नर्स व्हायचं, शिक्षक व्हायचं तर जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचं, गणित सुटलेलं लागतं. ते शाळेत सुटायचं राहून गेलेल्या प्रौढांना इथे फी नाही. त्यामुळे गावातल्या वेगवेगळ्या वस्त्यांतले, ब्रॉन्स्टनचा पन्नाशीचा गोरा ड्रायव्हर, सेंट मॅथ्यूजची सोमाली आई, बेलग्रेव्हच्या एक गुजराती बेन आणि हायफील्ड्सचा एक मुसलमान पोरगा, सगळे एकाच पेपरला घाबरलेले असतात. त्या भीतीवर माझा विश्वास आहे. मेळाव्यात पाहुणे असतात, इथे सगळेच नापास.

28 ऑगस्ट 2022 ला दुबईत आशिया कपचा भारत-पाकिस्तान सामना झाला. त्यानंतर आमच्या गावात हिंदू-मुसलमानांमध्ये जे धुमसत राहिलं ते 17 सप्टेंबरला रस्त्यावर आलं. एकीकडे मोर्चा, दुसरीकडे जमाव, मध्ये पोलीस. सुरुवात कुणी केली यावर कमेंटमध्ये भांडू नका, मी उत्तर देणार नाही. सोमवारी राणीच्या अंत्यविधीची सुट्टी होती. मंगळवारी माझा वर्ग.

चौदांपैकी नऊ आले. बेन आल्या, नवरा खाली गाडीत थांबलेला. हायफील्ड्सचा पोरगाही आला. दोघांच्या मधलं बाक रिकामं. कुणी बोलेना. विषय अपूर्णांक. ती शांतता मला सहन होईना, म्हणून मी आजोबांची पावकी-निमकी सांगायला लागले. पाढे पावाचेही असतात, अर्ध्याचेही, दीडाचेही, आणि औटकी म्हणजे साडेतीनचे. बेन एकदम म्हणाल्या, "ऊठां! आमच्यात ऊठां म्हणतात." पोरगा म्हणाला, त्याचे दादा, म्हणजे आजोबा, अजून सवा, डेढ, ढाई असाच हिशोब करतात. मग ब्रॉन्स्टनचे गृहस्थ म्हणाले, आजी त्यांना चघळायच्या गोळ्यांचा 'क्वार्टर' आणायला पाठवायची. (पाव पौंड गोळ्या. आपल्याकडच्या क्वार्टरशी संबंध नाही, मीही आधी दचकले होते.)

गळाभेटी वगैरे काही झाल्या नाहीत. बाक रिकामंच राहिलं. फक्त तास संपताना बेनचं एक उदाहरण अडलं होतं, ते पोराने वाकून, त्या रिकाम्या बाकावर वही ठेवून सोडवून दिलं. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करायला त्या विसरल्या होत्या. नेहमीच विसरतात. पुढच्या मंगळवारी तो त्या बाकावर बसला, कारण तिथून फळा नीट दिसतो म्हणाला.

प्रौढ शिक्षणाचे पैसे 2010 नंतर कापले गेले ते गेलेच. ज्यांनी कापले तेच सलोख्यावर भाषणं द्यायचे. यंदा खर्चाचं कारण सांगून आमचा मंगळवारचा वर्ग ऑनलाइन केलाय. सात वाजता मी लॅपटॉप उघडते. चौदा काळे चौकोन असतात, कॅमेरे बंद. उदाहरण अडलं तर ते चॅटमध्ये लिहितात, फक्त मला.