डोंगा आमचा, तिकीट कोणाचं?

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर आलिशान बोटी, रिसॉर्ट आणि जेट्ट्या याव्यात की नाही, यावर आमच्या पवनी-कुही भागात जोरात वाद चालू आहे. 2024 मध्ये जलपर्यटन प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून हा वाद थांबलेलाच नाही. एक बाजू म्हणते, ताडोब्याला पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आंभोऱ्याच्या नव्या पुलावर रविवारी पाय ठेवायला जागा नसते, मग आपणच किती दिवस हात बांधून बसायचं? दुसरी म्हणते, ज्या पाण्याखाली आमची घरं आणि धानाच्या बांध्या गेल्या, त्याच पाण्यावर पैसेवाल्यांनी मौज करायची, हे आम्हाला मंजूर नाही.

मी याच भागातला. सध्या नोकरीनिमित्त व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहरात राहतो. जानेवारीत काकाजी, काकू, ताई आणि भाऊजी इकडे येणार आहेत. जन्मभर धानात राबलेल्या या माणसांना एकदा तरी राजेशाही थाटात फिरवायचं, असं मी मनाशी धरलं आहे. त्यासाठी मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातली सहल आखतो आहे, आणि आखताना सारखं गोसेखुर्द डोळ्यांपुढे येतं.

जानेवारी निवडला, कारण डिसेंबर ते एप्रिल इकडे कोरडा हंगाम असतो आणि त्यातला पहिला निम्मा जास्त सुखाचा. ई-व्हिसा घरबसल्या निघतो. मुंबईहून थेट विमान आहे, फक्त आधी नागपूरहून मुंबई गाठावी लागते. हो ची मिन्ह शहरापासून या प्रदेशातलं कान थो शहर साधारण 170 किलोमीटर. तिथे मेकाँगचीच शाखा असलेल्या हाउ नदीच्या काठावर चांगलं हॉटेल पाहिलं आहे, खोलीच्या सज्जातून नदी दिसते. तिथून एक दिवस बेन त्रेच्या नारळबागा आणि एक दिवस सा देकच्या फुलशेतीसाठी. अंगावर येईल असा कार्यक्रम मी ठेवलेला नाही. काकाजींना दुपारी पडायला लागतं.

काकू माळकरी, त्यामुळे खाण्याची चिंता मोठी होती. इकडे भाजीच्या रश्शातसुद्धा माशाचा सॉस असतो. पण बौद्ध घरांमध्ये अमावास्या-पौर्णिमेला बरेच जण शाकाहार पाळतात, आणि ‘चाय’ अशी पाटी असलेली शाकाहारी खानावळ बहुतेक गावांत सापडते. काकूंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडला.

आता मूळ मुद्दा. या सहलीत सगळ्यात महाग हॉटेलची खोली आहे, पण पाहुणे गावी जाऊन सांगतील ते कान थोजवळच्या काई रांगच्या तरंगत्या, म्हणजे होड्यांवर भरणाऱ्या, बाजाराबद्दल. पहाटे पाचला निघावं लागतं. तिथे प्रत्येक व्यापारी होडीच्या टोकाला उंच बांबू उभा असतो आणि त्यावर आत जे विकायचं ते टांगलेलं असतं: अननस, भोपळा, कंद. पाटी नाही, ओरडा नाही, गिऱ्हाईक लांबूनच बांबू वाचतं. बांबूवर शाकारणीची झावळी टांगली असेल, तर होडीच विकायला काढली आहे असं समजायचं. हे सगळं मी एका होडीवाल्या बाईकडून शिकलो. ती गुडघ्यापर्यंत विजार दुमडून मागे उभी राहून वल्हं मारत होती, आणि मधेच एका होडीला बिलगून आमच्यासाठी कॉफी घेत होती. होडी तिची स्वतःची. भाडं तिच्या हातात.

हॉटेलं बाहेरच्या भांडवलावर उभी राहतील, राहू देत. पण नदीवरचा माणूस तिथे नसेल, तर त्या हॉटेलच्या सज्जातून नुसतं गढूळ पाणी दिसेल. पाहुणा पैसे मोजतो ते त्या माणसाच्या असण्याचे. म्हणून त्या पैशातला चोख वाटा त्याच्याकडे गेला पाहिजे, आणि त्याला मी उपकार म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट जलपर्णीची. भंडाऱ्याला वैनगंगेत जलपर्णी माजली की आपण दरवर्षी निवेदनं देतो. इथे तिचे देठ कापून वाळवतात आणि बाया त्याच्या टोपल्या, चटया विणतात. मोठ्या हॉटेलांच्या खोल्यांत त्या टोपल्या ठेवलेल्या असतात. याने नदी साफ होते असं मी म्हणत नाही, पण बचत गटांच्या हाताला काम मिळू शकतं.

इथलं सगळं गोड आहे, असं मात्र कोणी समजू नये. या प्रदेशात व्हिएतनामचा जवळपास निम्मा तांदूळ पिकतो, आणि त्याच्याच पोटात समुद्राचं खारं पाणी शिरतं आहे. 2016 साली मोठा फटका बसला, 2020 मध्ये तर पाच प्रांतांनी आणीबाणी जाहीर केली. वरच्या देशांतली धरणं गाळ अडवतात, खाली वाळूचा बेसुमार उपसा होतो, काठ ढासळतात, घरं नदीत जातात. वाळूचं दुखणं आपल्याला वेगळं सांगायला नको. रस्ते-पूल झाले, माल ट्रकने जाऊ लागला, तसा तरंगता बाजारही आटत चालला आहे. त्या बाईंचा मुलगा शहरात कारखान्यात आहे, तो परत येणार नाही असं त्या म्हणाल्या.

म्हणून गोसेखुर्दबद्दल माझं मत सरळ आहे: जलपर्यटन यावं, आलिशान यावं. आत्महत्याग्रस्त विदर्भात चैनीची भाषा शोभत नाही, हे म्हणणं मला पटत नाही. जो खर्च करू शकतो त्याचा पैसा आपल्या गावात खर्च झाला तर त्यात लाज कसली? 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा खर्च 372 कोटी धरला होता. पुढे तो कितीतरी पटींनी वाढला, आणि पुनर्वसनाची कागदं अजून फिरताहेत. या पाण्यातून चार पैसे आपल्या पदरात पडावेत, ही अपेक्षा चुकीची नाही.

पण आधी पाणी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळतं. त्या वासावर कुठली क्रूझ चालणार? इकडे मेकाँगचं पाणी चहाच्या रंगाचं असतं, ते गाळामुळे. आपल्याकडचा काळा रंग गाळाचा नाही. जेट्टीचं टेंडर निघण्याआधी सांडपाण्याचा बंदोबस्त झाला पाहिजे.

आणि दुसरं, मासेमारीवर जगणारा ढिवर समाज. या नदीचे डोह, धार, वारा त्यांना पाठ आहेत. गेल्या उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा काठावर जाळं सुकवत बसलेले एक म्हातारे मला म्हणाले, “डोंगा आमचा, पानी आमचं, मंग तिकीट कोनाचं जी?” मला उत्तर देता आलं नाही. बोटीचे परवाने आधी मच्छीमार सहकारी संस्थांना आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबांना मिळावेत, घरगुती मुक्कामाची सोय उठलेल्या गावांच्या नव्या वसाहतींत व्हावी, मासेमारीचं क्षेत्र बोटींच्या मार्गातून वगळलेलं असावं. रिसॉर्टमध्ये पोरांना वेटरच्या नोकऱ्या देऊ, एवढ्यावर कोणी बोळवण करत असेल तर ती घेऊ नये.

ग्रुपवर माझे मित्र विचारतात, तू तिकडे बसून काय करणार? एक करू शकतो. काकाजी पवनीच्या मच्छीमार संस्थेतल्या बऱ्याच जणांना ओळखतात. त्या होडीवाल्या बाईंशी काकाजींची गाठ घालून देईन, दुभाष्याचं काम मी करीन. भाडं कसं ठरतं, हॉटेलवाला किती कापून घेतो, होडीचा परवाना कोण देतं, विमा कोण भरतं, हे त्यांनी स्वतः विचारावं. पुढच्या ग्रामसभेत जलपर्यटनाचा विषय आला की तेच प्रश्न तिथे मांडता येतील, आणि उत्तर लेखी मागता येईल.