खुलासा : घरगुती स्प्रिंग एअरसॉफ्ट बंदुकीच्या जोराबद्दल

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारायचा खेळ; त्याच्या स्प्रिंग बंदुकीत स्प्रिंग पिस्टन ढकलते आणि दाबलेली हवा गोळी उडवते. तिच्याबद्दल गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं, 'स्प्रिंग दुप्पट दाबली की गोळीचा जोर दुप्पट. तरी गोळी प्लास्टिकचीच, साधा चष्मा पुरे.' तो मजकूर माझ्या नावासकट फिरतोय. दोन्ही विधानं चूक आहेत आणि चूक माझीच आहे.

स्प्रिंग दुप्पट दाबली की लागणारं बळ दुप्पट होतं, पण साठलेली ऊर्जा चौपट. हूकच्या नियमातून (स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात बळ वाढतं) हे सरळ निघतं; मी बळ आणि ऊर्जा यांत गल्लत केली. घर्षण आणि पिस्टनभोवतीची हवेची गळती यांमुळे सगळी ऊर्जा गोळीपर्यंत पोचत नाही, हे खरं. पण त्या भरवशावर राहू नका. ओ-रिंग (ही गळती अडवणारी पिस्टनवरची रबरी कडी) नीट बसली की तीच बंदूक अचानक जोरकस होते.

०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने गेली तर तिची ऊर्जा १ ज्यूल. हा खेळ जिथून आला त्या जपानमध्ये ६ मिमी गोळीसाठी कायद्याची मर्यादा जवळपास एवढीच आहे. डोळ्याला तेवढीही घातक ठरते. साध्या चष्म्याची काच फुटू शकते आणि बाजू उघड्याच राहतात. चाचणी घेतानाही बाजूंनी बंद, आघात सोसणारा गॉगलच हवा. शेजारी मुलं उभी असतील तर त्यांनाही.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.