मायनर घ्यावा तर कुठला? कट्ट्यावरची हमरीतुमरी

“नव्या शैक्षणिक धोरणातलं आंतरविद्याशाखीय शिक्षण म्हणजे काय, तर बी.ए.च्या पोराला दोन क्रेडिटचा शेअर बाजार आणि बी.कॉम.च्या पोरीला दोन क्रेडिटचा योग. नुसता देखावा!” बाप्यानं तोंड उघडलं तेच असं.

हिशेबाला धरून त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या ओपन इलेक्टिव्हला (ऐच्छिक विषयाला) ३०. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, त्यात ओपन इलेक्टिव्हचे १०-१२. विषय दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यायचा, म्हणून पोरं बघतात कुठला पेपर सोपा. तीन सत्रांत तीन दिशांचे विषय, एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही.

“पण मायनर, म्हणजे मेजरच्या (मुख्य विषयाच्या) जोडीचा दुय्यम विषय, तो कुठे गेला तुझा?” सुमी म्हणाली. “१८-२० क्रेडिट, म्हणजे ३०० तासांच्या आसपास. प्रात्यक्षिकं असतील तर एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे आणखी जास्त. एवढ्यात दुसऱ्या विषयाचं काम हाताला लागतं.”

“उदाहरण दे.”

“भूगोल मेजर, संगणकशास्त्र मायनर. प्रकल्प असा: गावातल्या विहिरींभोवती ५०० मीटरच्या पट्ट्यात ऊस किती. नुसतं संगणक शिकलेलं पोरगं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये विहिरींचा लेयर टाकतं, बफरमध्ये, म्हणजे भोवतीच्या पट्ट्याच्या रुंदीत, ५०० लिहितं. लेयर अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असतो. झाले ५०० अंश! अख्खी पृथ्वी ३६०ची. मग ते घाईघाईत ‘सेट सीआरएस’ (निर्देशांक पद्धत ठरवणं) करून मीटरमधली यूटीएम पद्धत निवडतं. त्यानं फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात, आणि विहिरी भलत्याच ठिकाणी जाऊन पडतात. खरं तर लेयर रिप्रोजेक्ट करून, म्हणजे आकडेच नव्या पद्धतीत बदलून, नव्यानं सेव्ह करायचा. तोही पुण्यासाठी यूटीएमचा झोन ४३ आणि नागपूरसाठी ४४, कारण ७८ अंश रेखांशाला झोन बदलतो. हे भूगोलवाल्याला लगेच कळतं, पण ४०० गावांसाठी तेच पुन्हा पुन्हा करायची स्क्रिप्ट त्याला येत नाही. दोन्ही एका डोक्यात असली तरच काम पुढं सरकतं.”

बाप्या गप्प बसला, पण मास्तर बसले नाहीत. “सुमे, तू अभ्यासक्रम सांगतेयस, मी वेळापत्रक सांगतो. भूगोलाचं प्रात्यक्षिक मंगळवारी दुपारी आणि संगणकाची लॅबही तेव्हाच, तर पोरगं जाईल कुठे? सगळ्या विद्याशाखांना मिळून कॉमन स्लॉट ठेवला तरच हे जमतं, आणि तो आधी पक्का करून बाकीचं वेळापत्रक त्याभोवती बसवायचं. बहुतेक ठिकाणी उलटं करतात.”

“का करतात?”

“वर्कलोड. सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला १६ तास भरले पाहिजेत. आपली पोरं दुसऱ्या विभागाच्या मायनरला गेली तर आपले तास घटतात. म्हणून विभाग पोरांना हळूच सांगतो, मायनरही आपल्याच शाखेतला घ्या. नियमात बसतं ते, मायनर त्याच विद्याशाखेतला चालतो. मग कसलं आंतर आणि कसलं काय!”

इथे बाप्याला पुन्हा जोर चढला. “आणि पुढे प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा? मिश्र नावाची एम.ए. घेऊन बसायचं कुठल्या विषयाला?”

“एम.ए.चा विषय यादीत नसेल तर नेटला जवळच्या विषयातून बसता येतं,” मास्तर म्हणाले. “स्त्री अभ्यासासारख्या काहींना तर स्वतंत्र पेपर आहे. अडतं ते नोकरीच्या वेळी. जाहिरातीत ‘संबंधित विषय’ असं असतं, आणि तो संबंध ठरवणारे टेबलापलीकडे बसलेले असतात. म्हणून मेजर असा धरा की ज्याच्या नावाची पदं निघतात, आणि मिसळ मायनरमध्ये करा.”

“आणि ओपन इलेक्टिव्ह?”

“मायनरच्याच दिशेनं जाणारे घ्या. ते दुसऱ्या विद्याशाखेतलेच हवेत, त्यामुळे मायनरही तिथलाच असला तर ही सोय आपोआप होते. १२ आणि २०, ३२ क्रेडिट एका रेघेत येतात.”

“अन् कॉलेजात ते शिकवायला माणूसच नसेल तर?” बाप्यानं विचारलं. त्यावर स्वयम या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सेसवरून नवी जुंपली.