"दशांश दिला नाही म्हणून आजार": मिरजेत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मिरजेच्या आत्याने परवा फोनवर विचारलं, "डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेत ते पैसे आधी प्रभूला दिले तर चालेल ना रे?" तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. साताऱ्याच्या एका नातेवाइकाने तोच मलाही पाठवला. त्याचं म्हणणं असं: जे घर दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाला देत नाही ते बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाप्रमाणे शापित आहे आणि म्हणूनच त्या घरातला आजार हटत नाही. डॉक्टरसाठी ठेवलेले पैसे "विश्वासाचं बी" म्हणून पेरा, शंभरपट परत येतील. गरीब विधवेने सगळं दिलं, तसं द्या. हनन्याने जमीन विकून आलेल्या पैशातलं काही राखून ठेवलं, तो मेला. शेवटी पैसे पाठवायला एका माणसाचा मोबाइल नंबर.

आजाराचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यापायी एखाद्याची दृष्टी जाईल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून येशूचे शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. एवढं स्पष्ट उत्तर समोर असताना आत्याच्या मोतीबिंदूचं कारण तिच्या पाकिटात शोधायचं? येशूने आपल्या बारा शिष्यांना रोग बरे करायला पाठवलं तेव्हा बजावलं होतं की फुकट मिळालंय, फुकट द्या. शिमोन नावाच्या जादूगाराने देवाचं दान पैसे मोजून घ्यायचा प्रयत्न केला, तर त्या बारांपैकी पेत्राने त्याला तुझ्या पैशासकट तुझा नाश होवो असं सुनावलं. आणि आईबापांच्या गरजेचा पैसा "देवाला वाहिला" म्हणून त्यांना न देणाऱ्यांना येशूने मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ढोंगी म्हटलंय. उपचाराचा पैसा देवाच्या नावाने काढून घेणं याच जातीचं आहे.

आणि हे मिरजेत सांगावं लागतंय! डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, ते ख्रिस्ती लोकांनी दिलेल्या दानावरच. देणाऱ्यांनी दवाखाना व्हावा म्हणून दिलं. आता त्याच गावातल्या बाईला दवाखान्यात जायचे पैसे पाठव म्हणतात.

आता मलाखी. तिसऱ्या अध्यायात दशांश भांडारात आणा असं आहे, ते का, तेही तिथेच आहे: माझ्या घरात अन्न असावं म्हणून. हा दशांश मुख्यतः धान्याचा आणि गुराढोरांचा. बायबलमधल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तिसऱ्या वर्षीच्या दशांशाचा वाटा कोणाला द्यायचा ते सांगितलंय: लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा. विधवेने येऊन पोटभर खावं अशी ती सोय होती. ज्या नियमाने आत्यासारख्या बाईला द्यायचं, त्याच नियमाचा धाक घालून तिच्याकडून घ्यायचं, हा उलटा कारभार कोणी कोणाला शिकवला?

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचंही तेच. तिच्या देण्याचं मोल येशूने मोठं मानलं, यात वाद नाही. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या गोष्टीच्या अगदी आधीचं वचन वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना अधिक शिक्षा होईल, असं तो म्हणतो. मेसेजवाल्याने नेमकं हेच वचन गाळलंय.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. मेसेजमधली "पेरणी" प्रेषित पौलाचीच आहे. हात राखून पेरील तो हात राखूनच कापील, हे त्याने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात आहे. आपण देण्यात कंजूष आहोत हेही खरंच. लग्नात हजारो रुपये मांडवावर उधळून रविवारी अर्पणाच्या पिशवीत दहाची नोट टाकणारे मंडळीत कमी नाहीत. दशांश स्वतःला लावून घेतलेली शिस्त म्हणून कोणी पाळत असेल, तर उत्तमच.

पण त्या पत्राचा आठवा आणि नववा अध्याय सलग वाचला तर मेसेजमधलं फारसं काही उरत नाही. पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल असताना त्यांनी मागून घेऊन त्यात वाटा उचलला, हे तो करिंथकरांना कौतुकाने सांगतो. पण लगेच म्हणतो की मी आज्ञा करत नाही. उत्सुकता असली की माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नव्हे. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हांला ओझं असं व्हावं हा हेतू नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नको, भाग पडलं म्हणून नको. आनंदाने देणारा देवाला आवडतो. शापाला भिऊन दिलेला पैसा यात कुठे बसतो ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं. भरपूर मिळण्याचं वचन आहे, पण ते प्रत्येक चांगल्या कामासाठी, उदार होता यावं म्हणून. आणि मार्काच्या दहाव्या अध्यायातलं "शंभरपट" घरदार सोडून येशूमागे निघालेल्यांना सांगितलेलं आहे, तेही "छळणुकीबरोबर".

हनन्याचं उत्तर दोन ओळींत होतं. पेत्र त्याला विचारतो, जमीन तुझीच होती ना, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता ना? राखून ठेवायला तो मोकळा होता. मेला तो, सगळं दिल्याचं भासवून खोटं बोलला म्हणून.

राहिला तो नंबर. वर्गणीच्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघांना पाठवलं. त्यातला एक मंडळ्यांनी निवडलेला होता. जे देवापुढे चांगलं ते माणसांपुढेही चांगलं दिसलं पाहिजे, असं त्याने लिहून ठेवलंय. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तर पैसे न्यायला तुम्हीच माणसं ठरवा म्हणतो. पौलासारख्या प्रेषिताने पैसा एकट्याच्या हाती ठेवला नाही. ज्याचा नंबर मेसेजखाली आहे त्याला विचारा: पंच कोण, हिशेब कुठे वाचला जातो, आलेल्या पैशातून किती विधवांना धान्य गेलं? उत्तर येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. आत्याला मी ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलीय.