दुष्काळासाठी खणलेला कालवा उसाचा कसा झाला

नीरा डावा कालवा साखर कारखान्यांनी पळवला, असे आमच्या इंदापूर तालुक्यात सर्रास बोलले जाते. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा मुलगा असूनही मला हे अर्धेच खरे वाटते, कारण कारखान्यांची धुराडी उभी राहण्याच्या कितीतरी आधी हा कालवा उसाकडे वळला होता, आणि त्याला तिकडे वळवले ते सरकारच्या जमाखर्चाने.

1875च्या मे महिन्यात बारामतीजवळच्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली. पुढच्याच वर्षी पाऊस फिरला आणि दुष्काळी काम म्हणून या कालव्याची खोदाई सुरू झाली. मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरची मजुरी त्या काळात इतकी कापली गेली की हजारो मजूर कामे सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्यांची बाजू सरकारपुढे मांडावी लागली. वीरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटले ते 1885च्या सुमारास. त्याला साठा पुरवणारे वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण 1892मध्ये पुरे झाले. (सुपे मात्र कालव्याच्या पातळीपेक्षा उंचावर राहिले. तो पट्टा आजही जिराईतच आहे आणि जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्याकडे डोळे लावून बसतो.)

पाणी आले, पण ते घ्यायला शेतकरी फारसा पुढे येईना. याला अडाणीपणा म्हणणारे आजही भेटतात. मला तो चोख व्यवहार वाटतो. पाऊस बरा झाला तर काळ्या रानातली ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच येते, मग पाणीपट्टी भरायची कशासाठी? त्यामुळे पाऊस हुकला की सगळेच पाणी मागत आणि पाऊसमान चांगले असले की कालव्याला गिऱ्हाईक नसे. दुष्काळ निवारणासाठी बांधलेल्या कालव्याचे वागणे असेच असायला हवे होते. परंतु बांधकामात गुंतलेल्या पैशावर दरसाल उत्पन्न दिसावे, ही सरकारची अपेक्षा होती, आणि बारा महिने पाणी पिऊन बारा महिने पट्टी भरणारे पीक एकच होते. सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्यावर आले, त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळे लावली आणि सरकारचा जमाखर्च जुळू लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक वर्षांच्या कराराने पाणी द्यायचे, ब्लॉकच्या एका हिश्श्यातच ऊस आणि बाकी रानात हंगामी पिके घ्यायची, म्हणजे पाणी अधिक गावांत पोचेल, असा तो विचार होता. एका अभियंत्याने उसाला घातलेला हा लगाम मला फार मोलाचा वाटतो, आणि तो पुढे सैल होत गेला याचे वाईटही वाटते. अतिपाण्याने जमिनी चिबडू लागल्या. 1920च्या दशकात सिंचन अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ आणि खारवट जमिनींचा अभ्यास केला. पुढे भाटघरचे नवे, उंच धरण झाले, उजवा कालवा निघाला, साठा वाढला. उसाची भूकही वाढली.

सुमारे दीडशे किलोमीटर वाहून पाणी आमच्या चारीला येते तेव्हा बहुधा रात्रीची बारी वाट्याला येते. वडील बॅटरी आणि खोरे घेऊन बांधावर बसत, वरच्याने दारे मोडून पाणी आपल्या रानात वळवले की पायाखालचा ओघ बारीक होई आणि ते न बोलता उठून वरच्या अंगाला चालू लागत. पाणी अर्जाच्या सात नंबर नमुन्यात त्यांनी वर्षानुवर्षे ज्वारी आणि कडवळ (चाऱ्याची ज्वारी) लिहिले. पाळी लांबली की उन्हाळ्यात कडवळ जाग्यावर वाळायचे. पाण्याच्या वाटपात उभ्या उसाचा विचार आधी होतो, हे पाहून शेवटी आम्हीही दहा गुंठे ऊस लावला, आणि गेल्या वर्षी नमुना भरताना त्यात 'ऊस' हा शब्द मीच लिहिला.